भू-औष्णिक केंद्रातला वायू बेसाल्टमध्ये कसा मुरवायचा

भू-औष्णिक केंद्र जमिनीखालच्या गरम वाफेवर वीज बनवतं, आणि त्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही वर येतो. तो पाण्यात विरघळवून बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडाच्या, थरांत सोडला की त्याचं खनिज होतं. आधी पाण्याचा हिशेब. २५ अंश तापमान आणि २५ बार (हवेच्या दाबाच्या साधारण २५ पट) दाबाला एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळायला साधारण २७ टन पाणी लागतं, म्हणजे सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे पावणेतीन टँकर. दाब ६ बारवर आणलात की पाणी चौपट. हे करणाऱ्या आइसलँडच्या हेट्लिशेइडी केंद्रात पाण्याची ददात नाही. पुण्याच्या आसपासच्या दगडावर हे करायचं तर पहिली अडचण दगडाची नाही, पाण्याची आहे.

टर्बाइननंतर कंडेन्सरमध्ये वाफेचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन, नायट्रोजन तसेच उरतात. ते व्हॅक्यूम पंपाने ओढून कॉम्प्रेसरकडे न्या, पण वाटेत ऑक्सिजन मीटर बसवाच. कंडेन्सर निर्वातात चालतो, त्यामुळे फ्लँज (पाइपचा जोड) किंवा ग्लँड (फिरत्या दांड्याभोवतीचं सील) जरा सैल असली तरी हवा आत शिरते. ऑक्सिजन आला की सल्फाइडचा गंधक होऊन पुढे वायू पाण्यात विरघळवणाऱ्या टॉवरच्या पॅकिंगवर (आतल्या भरणावर) पिवळा थर धरतो, शिवाय हायड्रोजनमुळे स्फोटाचा धोका.

टॉवरमध्ये खालून वायू, वरून गार पाणी. सल्फाइड कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास तिप्पट विरघळतो, त्यामुळे तो आधी उतरतो. हायड्रोजन आणि नायट्रोजन वरून सुटतात. सल्फाइडच्या बाबतीत नाकावर विसंबू नका. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास वासच कळेनासा होतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यांत, चेंबरमध्ये साचतो. अंगावर मीटर, १० पीपीएमला अलार्म.

हे पाणी आम्लधर्मी, पीएच ३ ते ४. साधी लोखंडी पाइप खाऊन टाकतं. स्टेनलेस स्टील घ्या. दाब कुठेही पडू देऊ नका, नाहीतर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. फसगत होते ती विहिरीच्या तोंडाशी. बोअर पाणी सहज ओढत असेल तर पाइपचा वरचा भाग पोकळ राहतो आणि वायू तिथेच बाहेर पडतो. म्हणून आतली नळी भूजल पातळीच्या बरीच खाली न्या आणि तिच्या टोकाला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लावा.

खाली आम्ल बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विरघळवतं. बोअरपासून दूर पीएच चढतो आणि कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) बसतात. हेट्लिशेइडीजवळच्या २०१२ च्या चाचणीत ४०० ते ८०० मीटर खोलीवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाला. पण एक टन वायूचं सव्वादोन टन कॅल्साइट होतं, आणि ते जागा व्यापतं.

आपल्या दगडात ती जागा आधीच कमी आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतली पोकळी फोडून बघा, आत खनिजांचे स्फटिक: स्टिलबाइट, हिरवट ॲपोफिलाइट, क्वचित निळा कॅव्हनसाइट. संग्राहक खूश, पण ती भोकं भरलेली. पाणी जायचं ते भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून. त्यामुळे वायू सोडण्याआधी नुसत्या पाण्याने, पॅकर (बोअर हव्या त्या खोलीवर बंद करणारं बूच) लावून, एकेका थराची चाचणी घ्या.

भूकंपमापक मात्र त्याच्याही आधी बसवा. २०११ मध्ये हेट्लिशेइडीजवळ वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडताना ४ रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले होते, आणि आपल्याकडे कोयना आहे. प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवा. धक्के वाढले की आधीच्या टप्प्यावर या.