मिरर तुटला की मुख्य सर्व्हरही बंद: माझा अनुभव

रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेचा एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली. मिरर (डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) चिपळूण शाखेत आणि विटनेसही (कोण चालू आहे यावर नजर ठेवणारा तिसरा सर्व्हर) तिथेच, एकाच स्विचवर. पावसात लाइन तुटली की रत्नागिरीचा धडधाकट सर्व्हर डेटाबेस बंद करून बसायचा, काउंटरवर ही रांग!

कारण कोरम, म्हणजे किमान गणसंख्या. तिघांपैकी दोघांचा तरी संपर्क हवा. मिरर आणि विटनेस दोन्ही दिसेनासे झाले, की तिकडे कारभार हाती घेतला असेल असं धरून मुख्य सर्व्हर मागे सरतो. त्याचं बरोबरच होतं, मांडणी वाईट होती.

विटनेस कुडाळ शाखेत नेला, स्वतंत्र लाइनवर. त्याला मोफत एक्सप्रेस आवृत्ती पुरते. पार्टनर टाइमआउट (समोरच्याचा प्रतिसाद नाही तर तो गेला असं धरण्याआधीची वाट) १० सेकंदांवरून ३० केला, कारण आमच्याकडे आभाळ आलं तरी लाइन लुकलुकते.

मुद्दाम फेलओव्हर (कारभार मिररकडे सोपवणं) करून पाहिला तर लॉगिनच होईना. लॉगिन आणि एजंटचे जॉब (सर्व्हरची ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) मिररसोबत जात नाहीत; लॉगिन तोच एसआयडी (लॉगिनचा अंतर्गत ओळख क्रमांक) देऊन दुसरीकडे बनवावे लागतात. ॲपच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (कुठल्या सर्व्हरशी जोडायचं ते सांगणारी ओळ) फेलओव्हर पार्टनर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरचं नावही लिहिलं.

मिररऐवजी क्लस्टर (एकच स्टोरेज वापरणारे दोन सर्व्हर) सुचवला गेला होता. पण सामायिक स्टोरेज एकाच इमारतीत, तिथे पाणी शिरलं तर? जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर कोण विसरेल!

मिररवरचा स्नॅपशॉट (डेटाबेसचं एका क्षणाचं, फक्त वाचण्यापुरतं चित्र) रिपोर्टांसाठी उत्तम. बॅकअप मात्र नव्हे, मूळ डेटाबेस गेला की तोही निकामी. बॅकअप वेगळा, वरच्या मजल्यावर.

मिररिंग २०१२ च्या आवृत्तीपासून निवृत्तीच्या यादीत आहे, त्यामुळे पुढचं काम तिच्या जागी आलेल्या ऑलवेज ऑनचं.