दुसऱ्या शनिवारी बँकेवर नजर कोणाची? : रिस्क असेसमेंट करणाऱ्यांसाठी

नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांची माहिती-सुरक्षेची रिस्क असेसमेंट करणं हा माझा धंदा. ‘ऑडिट जवळ आलंय, फॉरमॅट पाठवा, भरून देतो’ असे फोन नेहमीचेच. फॉरमॅट कुठेही मिळतो. खरं काम शाखेत बसून करायचं असतं.

सगळी बँक एकदम हातात घेऊ नका, एक सेवा धरा. मी सहसा एनईएफटी-आरटीजीएस धरतो. अर्ज कोण घेतं, नोंद कोण करतं, मंजुरी कोण देतं, हे क्रमाने बघत जायचं. या व्यवस्थांचं स्वतःचं थेट सभासदत्व नसलेल्या छोट्या बँका सीबीएसमधून (सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य संगणक प्रणालीतून) एक फाइल काढतात आणि ती प्रायोजक बँकेच्या, म्हणजे त्यांच्या वतीने पैसे पाठवणाऱ्या बँकेच्या, पोर्टलवर चढवतात. ती फाइल काढल्यापासून चढवेपर्यंत कुठल्या फोल्डरमध्ये पडून असते आणि तो फोल्डर किती जणांना दिसतो, ते विचारा. मग तिची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडून दाखवायला सांगा. खातेक्रमांक बदलून सेव्ह करता आला आणि पुढे कोणी ताळा करत नसेल, तर फायरवॉल कितीही भारी असो, रिस्क रजिस्टरमधली, म्हणजे जोखमींच्या नोंदवहीतली, पहिली नोंद तुम्हाला मिळाली.

दुसरा प्रश्न : साहेब रजेवर असले की व्हाउचर पास कोण करतं? ‘आम्हीच की, साहेबांचा पासवर्ड आहे ना!’ हे उत्तर अगदी निरागसपणे येतं. मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची ही पद्धत, तिथेच संपली. त्या क्लार्कवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या शाखेत तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

आता लिहायचं. ‘हॅकिंगचा धोका : हाय’ ही जोखीम नव्हे. कोण, कुठल्या उणिवेचा फायदा घेऊन, काय नुकसान करेल, हे तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे : ‘सामायिक फोल्डरमधली पेमेंट फाइल आतला कर्मचारी किंवा मालवेअर बदलू शकतं, त्यामुळे एका दिवसाचे पेमेंट भलत्या खात्यांत जाईल.’

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देण्याची पद्धत चालते, पण आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात तिची सक्ती नाही. तिथे मागणी आहे ती पुन्हा केलेल्या मूल्यांकनाचे निकाल एकमेकांशी ताडून बघता यावेत याची. म्हणून ‘परिणाम ४’ म्हणजे किती रुपये आणि किती तास सेवा बंद, हे संचालक मंडळाकडून आधी ठरवून घ्या.

‘आमच्याकडे असं कधी झालं नाही’ म्हणून शक्यतेला एक गुण द्यायचा आग्रह होतो. तेव्हा मी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण काढतो. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँक बंद. हल्लेखोरांनी एटीएम स्विचच्या (एटीएमची मागणी सीबीएसकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या) जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली, तीच पैसे काढायला मंजुरी देत राहिली आणि सीबीएसला विचारणाच झाली नाही. काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टमधून (परदेशी पेमेंटचे संदेश पाठवणाऱ्या जाळ्यातून) जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा सुमारे ९४ कोटी. मूल्यांकन करणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे : नुसती यंत्रांची यादी पुरत नाही, दोन यंत्रणांच्या मधला सांधा तपासा. आणि सुट्टीच्या दिवशी अलर्ट कोणाच्या मोबाइलवर जातो, तेही विचारा. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. दुसऱ्या शनिवारी रात्री अकराला ते कोण करणार, त्याचं पद रजिस्टरमध्ये लिहा.

जोखमीचा मालक म्हणून ‘आयटी’ लिहायची सवय मोडा. पेमेंट फाइलचा मालक पेमेंट विभागाचा प्रमुख. फोल्डरला कुलूप आयटी लावेल, पण फाइल थेट सिस्टीममधून जावी यासाठी पैसे मागायचे की रोज हाताने ताळा करायचा, हे तो प्रमुख ठरवेल.

काही जोखमी परवडत नाहीत म्हणून तशाच ठेवाव्या लागतात. त्यात गैर काही नाही. मात्र ‘स्वीकारली’ या शब्दापुढे मालकाची सही, कारण आणि मुदत हवी. सहा महिन्यांहून लांबची मुदत मी तरी मान्य करत नाही. मधेच व्हेंडर बदलला किंवा सीबीएसची नवी आवृत्ती आली, तर मुदतीची वाट न बघता ती नोंद पुन्हा काढा.