पोटाच्या ‘ईयूएस’ तपासणीला जाताय? या चुका टाळा

पोटदुखी हटत नाही, सोनोग्राफीत काही सापडत नाही, मग डॉक्टर ‘ईयूएस’, म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, लिहून देतात. परभणी, हिंगोली, बीडकडच्या माणसाला त्यासाठी अनेकदा छत्रपती संभाजीनगर, नाहीतर हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागतं. एवढं भाडं खर्चून, सोबत माणूस नेऊन तपासणी रद्द झाली की फार वाईट वाटतं. त्यातली बरीच कारणं घरीच टळू शकतात.

“दुर्बीण झाली की, आता परत कशाला?”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साध्या एंडोस्कोपीत कॅमेऱ्याला जठराचं फक्त आतलं अस्तर दिसतं. ईयूएसच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो, त्यामुळे जठराच्या भिंतीचे पाचही थर दिसतात. अस्तराखाली गाठ असेल, तर वरून चिमटीने घेतलेला तुकडा (बायप्सी) नॉर्मल येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. गाठ कोणत्या थरात आहे यावर पुढचं बरंच ठरतं. तिसऱ्या थरातली, पडद्यावर पांढरी चकचकीत दिसणारी गाठ बहुधा चरबीची असते, तिला हात लावायची गरज सहसा पडत नाही. चौथ्या, स्नायूंच्या थरातली काळपट दिसणारी गाठ मात्र ‘जिस्ट’, म्हणजे पुढे कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ, असू शकते. तिचा आकार मोजावा लागतो, कधी सुईने नमुना घ्यावा लागतो. काही कॅन्सर तर भिंतीच्या आतल्या आतच पसरतात, जठर ताठर होतं आणि वरचे तुकडे स्वच्छ येत राहतात. वजन उतरतंय, दोन घासांत पोट भरतंय, उलट्या थांबत नाहीत, अशा वेळी एका नॉर्मल बायप्सीवर विसंबून राहू नका.

पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा बारीक खडाही असाच निसटतो. आतड्यातल्या हवेमुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तो दिसत नाही. ईयूएसचा प्रोब आतून अगदी जवळ पोचतो.

उलट, नुसत्या ॲसिडिटीसाठी ईयूएसचा आग्रह धरू नका. अल्सर किंवा एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी साधी एंडोस्कोपी सहसा पुरते.

“नुसता चहाच घेतला होता”

दुधाचा चहा हे पोटासाठी अन्नच. साधारण ६ ते ८ तास काही खायचं नाही. साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक ठिकाणी २ तास सांगतात. पहाटेच्या एसटीने निघून वाटेत नाष्टा केला, किंवा एकादशी म्हणून साबुदाणा खाल्ला, तरी तपासणी पुढे ढकलली जाते. ही शिस्त उगाच नाही: गुंगीत असताना पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. आदल्या दिवसाचं अन्न उलटून पडत असेल, तर तारीख घेतानाच सांगा, जास्त वेळ उपाशी राहावं लागू शकतं. तंबाखू, गुटखा, मिश्री त्या सकाळी बंद.

गोळ्यांबद्दल गप्प बसणं

हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे लपवणं जितकं धोक्याचं, तितकंच ती मनाने बंद करणंही. गोळी थांबवायची का, हा निर्णय नमुन्यासाठी सुई लावायची की नाही यावर असतो. तो हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच व्हावा. शुगर असणाऱ्यांनी उपाशीपोटी नेहमीचं इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवावं.

सीटीचा कागदी रिपोर्ट आणून फिल्म किंवा सीडी घरी ठेवू नका. नेमकी कुठली जागा बघायची, हे त्यातूनच कळतं.

सुईची भीती आणि नंतरचे दिवस

“सुई लावली की गाठ पसरते” या भीतीने माणसं नमुना द्यायलाच नकार देतात. तसं होणं फार दुर्मीळ आहे. निदान न होण्याचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं.

त्या दिवशी मोटारसायकल चालवू नका. नमुना घेतला असेल आणि गाव लांब असेल, तर रात्री शहरातच मुक्काम करावा, असं माझं मत आहे. घसा दिवसभर दुखणं चालतं. पोटात जोराची कळ, ताप, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्टमध्ये ‘पेशी अपुऱ्या’ लिहून आलं, तर त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि नमुना परत घ्यायचा का, ते स्पष्ट विचारा.