आठवड्याचा किराणा कुठे स्वस्त पडतो, हे घरीच कसं तपासावं

डी-मार्ट, रिलायन्स स्मार्ट, स्टार बझार, कोपऱ्यावरचा वाणी आणि काही मिनिटांत घरपोच देणारी ॲपं. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच घरांना यांतले तीन-चार पर्याय सहज मिळतात. त्यांतलं स्वस्त दुकान कोणतं, याचं उत्तर सोसायटीतला प्रत्येक जण वेगळं देतो आणि तरी कुणी खोटं बोलत नसतं, कारण प्रत्येक घरात लागणारं सामान वेगळं असतं. म्हणून तुलना करायची ती आपल्या यादीची.

१. आधी यादी

मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा आणि ज्या वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात त्या वीस-पंचवीस वस्तू लिहून घ्या. आपल्याकडे वाणसामान महिन्याचं भरतात आणि भाजी आठवड्याची, त्यामुळे सगळं एका मापावर आणावं लागतं. महिन्याच्या प्रमाणाला ४.३ ने भागा. महिन्याला २ किलो तूरडाळ संपत असेल तर आठवड्याला साधारण ४६५ ग्रॅम, ३ लिटर तेल लागत असेल तर ७०० मिलिलिटर. आणलं किती ते न धरता संपलं किती ते धरा.

पिशवीतलं दूध यादीतून वगळा; ते बहुतेक ठिकाणी छापील किमतीलाच मिळतं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरत असाल तर तेही बाजूला ठेवा.

२. दर्जा ठरवून घ्या

‘तांदूळ’ एवढंच लिहून भागत नाही. कोलम की आंबेमोहोर, नवा की जुना, हे लिहा. चहा, तेल, साबण यांचा ब्रँड लिहा. दुकानाचा स्वतःचा ब्रँड स्वस्त दिसतो, पण तो घरात चालतो का, हे एकदा वापरून मगच तुलनेत घ्यावा. सुट्या डाळीचा नमुना हातात घेऊन बघा. फुटके दाणे आणि चुरा जास्त असेल तर कमी भावाचा उपयोग नाही.

३. सगळे भाव किलो-लिटरवर आणा

खरी तुलना इथेच होते. समजा, तेलाची एक पिशवी १४० रुपयांना आहे आणि शेजारची १४८ रुपयांना. दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिलीत ८५० ग्रॅम तेल आहे आणि दुसरीत ९१० ग्रॅम, म्हणजे साधारण १ लिटर. हिशोब केला तर पहिली किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरी सुमारे १६३. आठ रुपयांनी ‘स्वस्त’ असलेली पिशवीच महाग निघाली! अशी वजनं आता सर्रास दिसतात, कारण ठरावीक आकाराच्याच पाकिटात माल विकण्याचं बंधन राहिलेलं नाही.

त्याची भरपाई म्हणून नियमात एक चांगली सोय आली आहे. छापील किमतीबरोबर पाकिटावर एककाचा भावही छापलेला असतो. वजन १ किलोच्या आत असेल तर तो दर ग्रॅमला असतो, वर असेल तर दर किलोला. ग्रॅमच्या भावाला १००० ने गुणलं की दोन पाकिटं एका पट्टीवर येतात. हा आकडा बारीक अक्षरात असतो, पण तो शोधायची सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. मात्र तो छापील किमतीवर काढलेला असतो. दुकान सूट देत असेल तर भागाकार स्वतः करावा.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, असंही धरू नका. शांपूच्या छोट्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

४. सगळ्या दुकानांचे भाव एक-दोन दिवसांतच टिपा

कांदे, टोमॅटो, कोथिंबीर यांचे भाव आठवड्यात कुठल्या कुठे जातात. सोमवारी एका दुकानात आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानात टिपलेले भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पालेभाजीची जुडी लहान-मोठी असते, म्हणून जमेल तिथे वजनावरचा भाव घ्या.

‘एमआरपीवर ३० टक्के सूट’ या पाटीकडे लक्ष देऊ नका. सुकामेवा, मसाले, पाकिटातल्या डाळी यांची छापील किंमत मुळातच चढी असू शकते. वहीत बिलात लागणारी रक्कमच लिहा. ‘एकावर एक’ योजनेतली वस्तू मुदतीच्या आत संपणार असेल तरच तिचा निम्मा भाव धरा.

जुनी बिलं भावासाठी वापरताना तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप, लोणी यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचे भाव आता जुळणार नाहीत.

५. वरचा खर्च मिळवा

रिक्षा, पार्किंग, पिशवी, ॲपचं डिलिव्हरी आणि हाताळणी शुल्क हे सगळं वहीत त्या त्या दुकानाच्या रकान्यात घाला. यादीत नसलेली खरेदी मात्र वेगळ्या ओळीत लिहा. मोठ्या दुकानात डाळ-साखरेवर वाचलेले पैसे अनेकदा याच ओळीत जातात, आणि ती वेगळी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

६. बेरीज आणि मग वाटणी

प्रत्येक दुकानाची एकूण बेरीज करा, पण तिथे थांबू नका. ओळ-ओळ वाचत जा. बहुधा डाळी, तेल, साबण एकीकडे स्वस्त, भाजी मंडईत, आणि किरकोळ वस्तू वाण्याकडे, असं चित्र निघतं. महिन्यातून एक मोठी फेरी आणि आठवड्याला मंडई, असा मेळ त्यावरून बसवता येतो. वाणी खराब निघालेलं सामान विनातक्रार बदलून देत असेल तर चार रुपये जास्त देणं मला योग्यच वाटतं. मुंबईत राहणाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीचा रकानाही काढावा. १९७५ पासून ही संस्था एकत्र खरेदी करून सभासदांच्या गटांना महिन्याचा माल पुरवते.

तपासताना कुणी छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याचं आढळलं तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

भाजीचे भाव महिन्याने, तर पाकिटबंद मालाचे तीन-चार महिन्यांनी पुन्हा टिपले तरी पुरे. तूरडाळीचा भाव नवी तूर बाजारात आल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीनंतर, आणि गव्हाचा मार्च-एप्रिलनंतर नव्याने टिपून घ्या.