आठ-नऊ दिवसांत युरोप: शहरं कशी निवडायची

सुट्टी आठ-नऊ दिवसांची असेल तर शहरं दोनच ठेवा. आमच्या भिशीतल्या बायका पॅरिस, रोम, प्राग, व्हिएन्ना अशी यादी घेऊनच येतात. मी आधी त्यांना कॅलेंडर उघडायला लावते. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई, मग विमान, मध्ये कुठेतरी विमान बदलायचं. जाण्यायेण्यातच तीन दिवस संपतात, हाताशी पाच-सहा रात्री उरतात. त्यात शहर बदललं की सामान बांधा, स्टेशन गाठा, हॉटेलची खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळा, असा अर्धा दिवस जातोच. एका दिवसात अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा उरकणाऱ्या पाहुण्यांना पन्हाळ्यावरची अंधारबाव ही जुनी विहीर पाहिली का विचारा. तिथं थांबायला त्यांना वेळच झालेला नसतो.

पहिलं शहर मनाच्या ओढीनं ठरवा. कोल्हापूरच्या माणसाला मी इटलीतलं फ्लॉरेन्स सांगते, आणि त्याला कारण आहे. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं विशीचं. तिथं दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्याच जागी १८७४ साली स्मारक उभं राहिलं. चार खांबांवर नक्षीदार छत्री, तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने. जवळच्या मोठ्या पुलाचं नावही या ‘इंडियन’वरूनच पडलंय. कॅशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला हे आहे आणि बाग तीनेक किलोमीटर लांब आहे. ट्रामनं बागेपर्यंत जाता येतं, पण पुढं बरंच चालायचं आहे, म्हणून सकाळ मोकळी ठेवा. पर्यटकांची गर्दी इकडं वळत नाही. आपल्या माणसानं मात्र तिथं चार फुलं वाहूनच पुढं जावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं शहर रेल्वेच्या नकाशावर शोधा. पहिल्यापासून फार तर तीन-चार तासांत थेट गाडी हवी. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीनं रोम दीड तासावर, व्हेनिस साधारण दोन तासांवर. मी रोम निवडेन, कारण फ्लॉरेन्सची शान पंधराव्या शतकातली आणि रोमचं कलोसियम इसवी सन ८० मधलं. दोन वेगळे काळ पदरात पडतात. रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन. विमान एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्यातून निघणारं मिळालं तर उलटा प्रवास वाचतो.

इटली नको असेल तर प्राग आणि व्हिएन्ना घ्या, थेट गाडीनं चार तास. जुन्या दगडी गल्ल्या आवडत असतील तर प्राग. तिथल्या चार्ल्स पुलाचं काम १३५७ साली सुरू झालं. राजवाडे आणि संगीत हवं असेल तर व्हिएन्नाला एक रात्र जास्त द्या. पॅरिस आणि रोम एकाच आठवड्यात बसवू नका.

शहरं ठरली की विमानाच्या आधी आठवड्याचे वार बघा. फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा असलेलं अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. या सगळ्यांची वेळेची तिकिटं आधीच काढा.

आई-वडील बरोबर असतील तर चढ आणि पायऱ्याही विचारात घ्या. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. त्यांना बसनं मायकेलअँजेलो चौकात न्या, तिथून तोच घुमट आणि सगळं शहर बसल्या जागी दिसतं. जुन्या भागात रस्ते दगडी असतात, तेव्हा नवे बूट घरूनच महिनाभर घालून सैल करून घ्या.

दोन शहरं दोन देशांत असतील तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे मागायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर संक्रांतीनंतर लगेच कागद गोळा करायला लागा.