काडतूस बदललं की झिरो सरकतो: पॉइंट टू-टू रायफलसाठी चाचणीची रीत

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीत नेम तोच, श्वास तोच, ट्रिगर तोच, तरी नवा डबा उघडला की छिद्रं दोन बोटं वर नाहीतर खाली पडतात. लगेच साइटचे क्लिक (नेम सरकवणाऱ्या बटणाचे टप्पे) फिरवून झिरो, म्हणजे नेम आणि छिद्र यांचा मेळ, बदलायला घेऊ नका. गोळ्या एकमेकींपासून किती पसरल्या हा एक प्रश्न, आणि अख्खा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) कुठे बसला हा दुसरा. ग्रुप सरकला असेल तर साइटने जागेवर आणता येतो. पसरला असेल तर साइटचा उपयोग नाही. काडतूस बदला किंवा रायफलीतला दोष शोधा.

सरकण्याचं पहिलं कारण वेग. ४० ग्रेनची (२.६ ग्रॅम) गोळी स्टँडर्ड (ध्वनीपेक्षा मंद) काडतुसातून साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या) काडतुसातून ३८० च्या आसपास. ५० मीटरवर पोचेपर्यंत पहिली सुमारे १२ सेंमी खाली येते, दुसरी ९ सेंमी. हा ३ सेंमीचा फरक नुसत्या गुरुत्वाकर्षणाचा. त्यात बार होताना नळी थरथरते, आणि गोळी त्या थरथरीच्या कुठल्या क्षणी तोंडातून निसटते तेही वेगाबरोबर बदलतं. म्हणून ग्रुप कधीकधी आडवाही सरकतो, आणि किती सरकेल हे कोष्टकातून काढता येत नाही. ते आपल्याच रायफलीवर बघावं लागतं.

वेगवान काडतूस वाऱ्याला कमी दबतं, असं रेंजवर हमखास ऐकू येतं. टू-टूच्या बाबतीत ते उलटं आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळीचा वेग झपाट्याने पडतो आणि वारा तिला जास्त ढकलतो. त्याच आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर हाय व्हेलॉसिटी गोळी स्टँडर्डपेक्षा जास्त सरकते.

खान्देशात हे हंगामागणिक बदलतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश, जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास. ४५ अंशांना ध्वनीचा वेग ३५८ मीटर प्रति सेकंद असतो, १० अंशांना ३३७. म्हणजे स्टँडर्ड काडतूस मे महिन्यात त्या सीमेपासून लांब राहतं, जानेवारीत अगदी जवळ जातं. हाय व्हेलॉसिटी उन्हाळ्यात अर्ध्या वाटेतच ती सीमा ओलांडून खाली येते आणि तिथेच गोळी डळमळू शकते. शिवाय थंडीत दारू थोडी मंद जळते. डिसेंबरात लावलेला झिरो मे महिन्यात पुन्हा तपासावाच लागतो. उन्हाळ्यात चाचणी सकाळी लवकर उरका; नंतर झळांमुळे टार्गेटच हलताना दिसतं. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, गोळीवरचं मेण पातळ होतं.

कंपनीच्या नावापेक्षा लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपेचा क्रमांक) महत्त्वाचा. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारचे दोन लॉट एका नळीत वेगळे वागतात. इंग्लंडच्या एली कंपनीच्या महागड्या डब्यांवर लॉटसोबत वेगही छापलेला असतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्कराची काडतुसं बनतात. मॅचसाठी वापरायची टू-टू बहुतेक इंग्लंड-जर्मनीहून येतात. संपलेला लॉट पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून जुळलेला लॉट परवान्यावरच्या मर्यादेत एकदम घेऊन ठेवा.

आता चाचणी. आधी स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा, साइटचा माउंट (बैठक) तपासा. ढिल्या स्क्रूचा दोष काडतुसावर येतो, हे फार वेळा होतं. पुढचा हात आणि बट वाळूच्या पिशव्यांवर टेका, नळी कशालाही टेकू देऊ नका. प्रत्येक लॉटच्या पहिल्या १० गोळ्या बाजूच्या कागदावर मारा: प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, आणि नळीत नवा थर बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. मग १०-१० चे दोन ग्रुप, दोन नव्या टार्गेटवर. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही सुंदर येतो, त्यावर भाळू नका. लॉटमागे ३० प्रमाणे चार लॉटना १२० काडतुसं लागतात. मध्ये साइटला हात लावायचा नाही.

मोजताना सर्वांत लांबच्या दोन छिद्रांचं बाहेरून बाहेर अंतर घ्या आणि त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिमी, वजा करा. मग आकार बघा. उभी रांग असेल तर वेग असमान आहे: काडतुसांत १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी ५० मीटरवर ७ मिमीहून जास्त उंची बदलते, आणि रायफल टार्गेटवर एक रिंग ८ मिमीची असते. आडवी रांग असेल तर वारा किंवा पकड. दोन वेगळे पुंजके पडले तर पुन्हा स्क्रू आणि माउंटकडे वळा.

लॉट ठरला की झिरो. समजा ग्रुपचा मध्य २१ मिमी खाली आणि ८ मिमी डावीकडे आहे. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपला, म्हणजे दुर्बिणीच्या साइटला, ५० मीटरवर एक क्लिक ३.६ मिमीचा, म्हणून ६ क्लिक वर, २ उजवीकडे. पीप साइटचा (बारीक छिद्रातून नेम धरायच्या साइटचा) क्लिक मॉडेलनुसार वेगळा, तो पुस्तिकेत बघा. पाच गोळ्या मारून खात्री करा आणि लॉट, तापमान, क्लिक डब्याच्या झाकणावरच लिहा.

एअर रायफलवाल्यांनी हीच रीत पेलेटच्या (एअर रायफलच्या छऱ्याच्या) डोक्याच्या मापासाठी वापरावी: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. तिथे नळी बांधून ठेवणारा शिकंजा मिळाला तर फारच उत्तम.

चाचणीत काडतूस फुटलं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर पुढची गोळी भरू नका. रायफल रिकामी करा आणि गोळी नळीत अडकलेली नाही ना, हे क्लीनिंग रॉड घालून बघा.