मैदानासाठी निधी आणताय? मंडळांनो, आधी या चुका टाळा

कळव्यातल्या आमच्या कबड्डी मंडळाच्या मैदानावर दिव्यांचे चार खांब उभे राहिले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. पाच महिन्यांत दोन दिवे गेले. ते बदलायचे कोणी, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, कारण आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. खात्यात अठराशे रुपये. तो पूर्ण हिवाळा पोरं अंधार पडला की घरी जायची. चिटणीस मी होतो, त्यामुळे पुढच्या बऱ्याचशा चुका माझ्याच आहेत.

पहिली चूक म्हणजे निधी मंडळाच्या खात्यात जमा होतो असं धरून चालणं. खासदार निधी १९९३ पासून आहे. खासदारांना वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात. फक्त सुचवता येतात, बरं का. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, काम सरकारी यंत्रणा करून घेते आणि पैसे ठेकेदाराला जातात. मंडळाला दिसतं ते फक्त काम. म्हणून ‘आधी घेऊन टाकू, बिल नंतर लावू’ हा धंदा करू नका. झालेल्या कामाची भरपाई या निधीतून मिळत नाही. ओळखीच्या एका मंडळाने उसनवारी करून मॅट आणली आणि तीन वर्षं वर्गणीतून फेडली.

दुसरं, एकाच दारावर अवलंबून राहू नका. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक आले, म्हणजे निवडून आलेले नगरसेवकच उरले नाहीत. ‘आपले नगरसेवक बघतील’ यापलीकडे ज्यांना वाट माहीत नव्हती, ती मंडळं तिथेच थांबली. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन या. क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना तिथूनच चालतात, आणि यंदाच्या अटी काय आहेत हे समोर बसून विचारलेलं बरं.

जागा कोणाची, हे ‘सगळ्यांना माहीतच आहे’

नाही, माहीत नसतं. चाळीस वर्षं आपण तिथे खेळतोय म्हणून ती आपली होत नाही. नवी मुंबईत एखादा भूखंड सिडकोचा असतो, शेजारचा पालिकेकडे हस्तांतरित झालेला असतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात मध्येच एमआयडीसीची हद्द लागते. सोसायटीच्या आतलं मैदान तर खासगीच. तिथे सार्वजनिक पैसा मागायला गेलात तर फाइल पहिल्याच टेबलावरून परत येईल. खाडीकाठच्या मंडळांनी आणखी एक बघावं. कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे, मग ती चेंजिंग रूम असो की साधी शेड. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि जागामालक यंत्रणेचा ना हरकत दाखला, एवढं हातात आल्याशिवाय कोणाच्याही केबिनबाहेर बसू नका.

कागदावरचे पदाधिकारी

सगळ्यात जास्त मंडळं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे काय होतं? गणपतीनंतर सभा होते, टाळ्यांच्या गजरात नवी कमिटी जाहीर होते, वडापाव येतो, संपलं. आमच्या परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं ते काका जाऊन सहा वर्षं झाली होती. निधीच्या प्रस्तावाला ताजा उतारा जोडायचा म्हणून मी तो काढला आणि तिथेच बसकण मारली. मधल्या तीन निवडणुकांचे बदल अर्ज एकामागून एक भरायचे, तर प्रत्येक सभेची सूचना, इतिवृत्त आणि हजेरी हवी. इतिवृत्ताची वही एका माजी खजिनदाराच्या माळ्यावर सापडली, अर्धी वाळवीने खाल्लेली. ते आर्थिक वर्ष गेलंच.

तेव्हा उतारा आजच काढा. नावं जुळत नसतील तर निधीचा विषय बाजूला ठेवून आधी अर्ज भरा. बँकेतल्या सह्याही त्याच वेळी बदला. आणि दरवर्षीचं ऑडिट उलाढाल दहा हजारांची असली तरी करून घ्या. ‘एवढ्याशा पैशाचं काय ऑडिट’ म्हणणारा एक तरी सभासद असतो. त्याला खजिनदार करू नका.

अंदाजपत्रकात नसलेल्या गोष्टी

पुरुषांचं कबड्डी मैदान १३ बाय १० मीटर असतं. एका ठिकाणी शेडही जवळपास तेवढीच मागितली गेली आणि खांब आले रेषेला खेटून. चढाईहून परतणारा गडी सरळ खांबावर! बाहेरची मोकळी जागा आणि पावसाच्या पाण्याचा उतार आपणच लिहून द्यायचा. ठाण्याच्या पावसात मॅटखाली पाणी शिरलं की बुरशी धरते, मग मॅट उचलून ठेवायला खोली हवी. मुली खेळाव्यात असं वाटत असेल तर स्वच्छतागृह पहिल्याच प्रस्तावात घाला, नंतर ते राहून जातं.

आमच्या दिव्यांचं उत्तरही इथेच होतं. दोषदायित्व कालावधी (कामातला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती, त्यात काय येतं, काम पूर्ण झाल्यावर ते कोणाच्या ताब्यात जाणार आणि वीजबिल कोणाच्या नावावर, हे चार प्रश्न नारळ फोडण्याआधी लेखी विचारा. नंतर सगळे हसून बोलतात, सही कोणी करत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीची, गोष्ट थोडी वेगळी. कायद्याच्या यादीत ‘खेळाचं प्रशिक्षण’ आहे. त्यामुळे नुसती शेड मागण्यापेक्षा प्रशिक्षक, मुलांचे किट आणि वर्षभराचा सराव असा प्रस्ताव लवकर समजतो. त्याआधी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

चावी एकाकडेच

श्रमदानाला माणसं येतात. रविवारी वीस जण फावडी घेऊन उभे राहतात, लाल माती चाळतात, चुना मारतात. अडतं ते मंगळवारी, कुलूप उघडायला. आमच्याकडे ते काम एकटे अण्णा करत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मैदान पाच आठवडे बंद. आता चावी तिघांकडे असते आणि वाराप्रमाणे नावं फळ्यावर लिहिलेली असतात. कोणी किती तास काम केलं हेही वहीत लिहा. पुढच्या प्रस्तावात मंडळाचा वाटा म्हणून दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.

फाइल अडलीच तर

आधी आवक क्रमांक, म्हणजे पत्र कार्यालयात दाखल झाल्याचा नोंद क्रमांक, शोधा. तो नसेल तर तुमचं पत्र कोणाच्या तरी खिशात आहे असं समजा. क्रमांक असेल तर प्रत्यक्ष जाऊन फाइल प्रशासकीय मान्यतेवर (कामाला आणि खर्चाला मंजुरी) थांबली आहे की तांत्रिक (आराखडा आणि अंदाजपत्रकाची तपासणी), ते विचारा. दोन्ही वेगळ्या टेबलांवर असतात. दोन-तीन फेऱ्यांत कळलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज भांडखोर भाषेत लिहू नका. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या तारखांवर लक्ष ठेवा. कार्यारंभ आदेश निघूनही जागेवर काम सुरू झालं नसेल तर निकाल लागेपर्यंत ते तसंच राहतं. आमची दुसरी शेड अशीच अडकली होती, खड्डे खणायला फक्त चार दिवस उशीर झाला म्हणून.